सात नंबरचा हुलगा

१

सकाळी भीमानं प्रयोगशाळेचं कुलूप काढलं तेव्हा आत दोन गोष्टी बदललेल्या होत्या. फळीवरच्या हुलग्याच्या पिठाच्या सीलबंद बरण्यांच्या रांगेत सात नंबरची जागा रिकामी होती. आणि मुळेसाहेबांच्या फोटोपुढं त्यानं संध्याकाळी ठेवलेलं लाल पाणी हिरवं झालं होतं.

बरणी गेल्याचं सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. पाण्याकडं फक्त भीमानं पाहिलं. तो उंबऱ्यातच खाली बसला.

श्रीगोंद्याचे फौजदार नूरमहंमद सय्यद जीप घेऊन त्या माळावर आले ते आठवडाभरानं. तोवर हवालदार श्रीमंत यांनी झडती घेऊन, जबाब लिहून, भीमाच गुन्हेगार असं ठरवूनही टाकलं होतं. रात्री कुलूप होतं, किल्ली भीमाकडं होती, बरणी गेली. हवालदारांच्या मते यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फौजदारांनी फक्त अटकेच्या कागदावर सही करायची होती.

बहात्तर सालचा आश्विन होता. पेरणीनंतर पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. कडधान्य संशोधन केंद्राच्या शेतात तूर गुडघ्याएवढी होऊन जागच्या जागी वाळली होती आणि वारा सुटला की तिचा खुळखुळ आवाज होई. आसपास एक पाखरू नव्हतं. नूरमहंमद जीपमधून उतरले, क्षणभर तो आवाज ऐकत उभे राहिले आणि त्यांना ती जागा मुळीच आवडली नाही.

"उद्या पुण्याहून समिती येतेय," केंद्राचे हंगामी प्रमुख सहादेव घोडके त्यांना सामोरे येत म्हणाले. "त्यांना मी काय दाखवू? रिकामी फळी? त्या भीमाला आजच घेऊन जा, म्हणजे निदान कारवाई झाली असं तरी सांगता येईल."

"आधी खोली बघू," नूरमहंमद म्हणाले.

दार उघडलं आणि त्यांचा पाय अडखळला. नाकात झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा वास शिरला. नूरमहंमदांचे वडील नगरच्या लष्करी पागेत नालबंद होते. पोरवयात सकाळी पागेचं दार उघडलं की हाच वास यायचा. पण इथं मैलभरात घोडा नव्हता.

"हा वास इथला नेहमीचाच," सहादेव म्हणाले. "अमोनिया. आम्हाला आता येतही नाही."

२

भीमा व्हरांड्यात उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. त्याची बायको छबूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि दोन नातवंडं तिथंच मिळणाऱ्या घुगरीवर जगत होती. भीमाला आत टाकलं तर घरात पगाराचं माणूस उरत नव्हतं, आणि हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"बरणी तू घेतलीस?"

"न्हाई सायेब."

"मग कुणी घेतली?"

भीमानं मान वळवून बंद दाराकडं पाहिलं. "बोलू नये, पन सायेबच घेऊन गेलं आसतील. त्येंचीच हुती ती."

"कुठले साहेब?"

"मुळेसायेब."

राधाकृष्ण मुळे, केंद्राचे रसायनतज्ज्ञ, आषाढात याच खोलीत, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले होते. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्यात पोलिसांना शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

"त्येंचं तेरावं झाल्यापास्नं म्या रोज सांच्याला फोटोपुढं दिवा लावतो आन त्या काचंच्या चंबूत लाल पानी ठिवतो. कुनी दूध ठिवतं, कुनी पेढा ठिवतं. आमच्या सायेबांना हेच गोड. हयातीत त्येंचा दिवस त्या पान्यावरच सुरू व्हायचा. आता सकाळी बगावं तर पानी हिरवं. रोज हिरवं. सायेब राती येत्यात, काम करत्यात. म्या काय खोटं बोलतोय व्हय?"

नूरमहंमद हसले नाहीत. मेलेल्या माणसासाठी अत्तर ठेवणारे लोक त्यांच्या घरातही होते.

"तेराव्यापासून रोज हिरवं होतंय?"

भीमा विचारात पडला. "न्हाई. श्रावनात न्हाई, भादव्यातबी न्हाई. तवा जसं ठिवलं तसंच लाल ऱ्हायचं. मला वाईट वाटायचं. बरणी गेली त्या राती पैल्यांदा झालं, तवापास्नं रोजचं."

"आदल्या संध्याकाळी कुलूप लावताना बरणी फळीवर होती?"

"हुती की."

"पाहिलीस, की असेल असं वाटलं?"

भीमानं डोळे मिटून आठवून पाहिलं. "अंदार पडल्ता सायेब," तो शेवटी म्हणाला. "दिव्याचा उजेड नुसता फोटोवर हुता. फळीकडं काय म्या बगितलं न्हाई."

३

सहादेव घोडक्यांचा आवाज मोठा आणि मन त्याहून उघडं होतं. जे पोटात ते ओठावर आणायची त्यांना घाई असे.

"लपवत नाही. मला सात नंबर पसंत नव्हता," ते म्हणाले. "गावोगावचे हुलगे आम्ही गोळा केले. पारनेरचा काळा, पुणतांब्याचा तांबडा, आणखी बरेच. कुणात प्रथिन जास्त ते पाहायचं होतं. माझा तीन नंबर. सगळ्यांचं प्रथिन शंभरात एकवीस, बावीस. आणि मुळ्यांचा सात नंबर एकदम एकतीस. हुलग्यात एकतीस? मला पटलं नाही. मी समितीला लिहिलं, बरणी तुमच्यासमोर उघडा आणि तुमच्या माणसाकडून परत तपासा."

"म्हणजे तुम्हालाच ती उघडायला हवी होती."

"तर काय. चोरून मला काय मिळणार? आता सगळे म्हणणार, घोडक्यांनी मत्सरानं गायब केली." सहादेवांनी कपाळ पुसलं. "आणि समितीचा निर्णय साधा नाही, फौजदारसाहेब. दुष्काळी कामावरच्या पोरांना हुलग्याची घुगरी देतात ना? सातचा आकडा खरा धरला तर तेच बियाणं वाढवणार, आणि दाणा इतका कसदार म्हणून पोरांचं माप उतरवणार. एक वाटीच्या जागी पाऊण, नाहीतर अर्धी."

नूरमहंमदांनी व्हरांड्यातल्या भीमाकडं पाहिलं. त्यानं ऐकलं होतं की नाही ते कळलं नाही.

"फाटकावर झडती असते?"

"प्रत्येकाची. माझीसुद्धा. दुष्काळात आमच्याकडं धान्य आहे, साहेब. पिशवी, खिसे, डबा, सगळं उघडून दाखवावं लागतं. फक्त रात्री फाटकावर कोणी नसतं, भीमाच फिरत असतो."

"गोदामात काय आहे?"

"युरिया. पाणी नाही तर खत कुठं टाकणार? पोती तशीच पडलीत. एक तेवढं उंदरांनी फोडलंय."

"उंदरांनी," नूरमहंमद म्हणाले. "शेजारच्या खोलीत हुलगा असताना तुमचे उंदीर युरिया खातात?"

सहादेव वळून गोदामाकडं बघायला लागले.

मुळ्यांचे मदतनीस काकासाहेब दरेकर खोलीत उभे होते. तिशीच्या आतले, डोळे खोल गेलेले. साहेबांनी त्यांना खेड्यातून आणून शिकवलं होतं. नूरमहंमदांनी त्यांना लाल पाण्याबद्दल विचारलं आणि त्यांचा थकलेला आवाज जरा जिवंत झाला.

"दाणे दळायचे. पीठ तीव्र आम्लात उकळायचं. मग त्यातला नत्र अमोनिया होऊन वाफेबरोबर निघतो, तो या लाल द्रावणात पकडायचा. अमोनिया आला की लालचं हिरवं होतं. किती आला ते मोजलं की दाण्यात प्रथिन किती ते कळतं."

"अमोनिया डाळीतनं आला की आणखी कुठून, हे त्या पाण्याला कळतं?"

"नाही," काकासाहेब म्हणाले. मग थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "नाही. ते फक्त जे येतं ते धरतं."

"शेवटची तपासणी कधी केलीत?"

"बरणी जायच्या आधी. त्यानंतर टाकीच कोरडी पडली. वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं. नळाला थेंब नाही, भांडी धुवायलाही नाही."

नूरमहंमदांनी नळ फिरवून पाहिला. आत हवा घुरघुरली आणि पाणी आलं नाही. म्हणजे आठवडाभर या खोलीत काम झालं नव्हतं. आणि तरीही पागेचा वास ताजा होता.

४

मुळेसाहेबांच्या विधवा मुक्ताबाई अजून आवारातल्या क्वार्टरमध्येच राहत होत्या. त्यांनी फौजदारांना घोंगडी टाकून बसवलं आणि तांब्यात जेमतेम अर्धं पाणी आणून ठेवलं. नूरमहंमदांनी त्यातला एकच घोट घेतला.

"भीमानं नेली नाही," त्या म्हणाल्या. "तो ह्यांची चप्पलसुद्धा ओलांडत नसे."

"साहेबांचा शेवटचा दिवस आठवतो?"

"सकाळी निघताना चिडलेले होते. स्वतःवर. म्हणाले, सात परत करायचाय. एवढंच बोलले आणि गेले. मला त्यातलं काय कळतंय? पण दहाव्याला आठवलं."

"दहाव्याला काय झालं?"

मुक्ताबाईंनी पदर सारखा केला. "तुमच्यात नसतं, म्हणून सांगते. आमच्यात पिंडाला कावळा शिवावा लागतो. नाही शिवला तर गेलेल्याची इच्छा राहिली असं समजतात. मग एकेकानं पुढं होऊन वचन द्यायचं, तुमचं अमुक आम्ही करू. यंदा कावळे आहेत कुठं? एकच होता, बाभळीवर. उन्हात सगळे ताटकळले. दीर म्हणाले, वहिनीला सांभाळू. कावळा हलला नाही. घोडके म्हणाले, केंद्राला तुमचं नाव देऊ. नाही हलला. मग काकासाहेब पुढं झाला. रडत रडत म्हणाला, सातचं राहिलेलं काम मी पुरं करीन." त्या थांबल्या. "आणि कावळा उतरला, फौजदारसाहेब. अंगावर काटा आला माझ्या."

बाहेर वाळक्या तुरीचा खुळखुळ ऐकू येत होता. नूरमहंमदांना या गोष्टींशी काही देणंघेणं नव्हतं, तरी त्यांनी नकळत हातावरून हात फिरवला.

"तुम्ही त्याला सांगितलंत, साहेब सकाळी काय म्हणाले ते?"

"कशाला सांगू? त्यांचं काम त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

नूरमहंमद उठले. "बाई, दुपारी जरा प्रयोगशाळेत याल? मला एक गोष्ट करायचीय आणि ती तुमच्याशिवाय होणार नाही."

५

दुपारी सगळे खोलीत जमले. नूरमहंमदांनी खिडक्या लावून घेतल्या. मग काकासाहेबांकडून तीन पसरट काचेच्या बश्या मागून घेतल्या आणि तिन्हींत थोडं थोडं लाल पाणी ओतायला लावलं. एक बशी दारापाशी, एक बरण्यांच्या फळीवर, एक साहेबांच्या टेबलावर, फोटोपुढं.

"आता बसायचं," ते म्हणाले. "आणि बोलायचं नाही."

तशी शांतता त्या खोलीत साहेब गेले त्या दिवशीच असेल. फोटोतले मुळे चष्म्यातून सरळ समोर पाहत होते, हार कधीच सुकलेला. फोटो टेबलावरच्या त्यांच्या छोट्या लाकडी कपाटाला टेकवून ठेवलेला होता. भीमा भिंतीला पाठ लावून हात जोडून बसला. उकाड्यानं सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते, पण काकासाहेब थंडी वाजल्यासारखे हात काखेत धरून बसले होते.

बराच वेळ काही झालं नाही. हवालदार श्रीमंत यांनी जांभई दिली. मग त्यांची जांभई अर्ध्यावरच राहिली.

फोटोपुढच्या बशीतलं पाणी काठाकडनं करडं व्हायला लागलं होतं. कुणी हात लावला नव्हता, कुणी जवळही नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल रंग विरत गेला आणि खालून हिरवा वर आला. फळीवरची बशी लाल होती. दारापाशीची लाल होती.

"आलं," भीमा पुटपुटला. "सायेब आलं."

"कोणी आलं नाही," नूरमहंमद म्हणाले, पण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना नीट ओळखू आला नाही. ते उठून टेबलाशी गेले. "काकासाहेब सकाळी म्हणाले, हे पाणी जे येतं ते धरतं. खोलीत अमोनिया आहे, आणि तो फोटोच्या बाजूनं येतोय. आठवडाभर इथं काम नाही, म्हणजे तो कामाचा नव्हे. तेराव्यापासून पाणी रोज ठेवलं जातंय, पण बरणी गेली त्याच रात्रीपासून ते हिरवं होतंय. साहेबांना यायचं असतं तर ते श्रावणातच आले असते. हवालदार, झडती घेताना या कपाटात पाहिलंत?"

श्रीमंतांनी मान खाली घातली. "फोटो होता साहेब. पाया पडलो आणि पुढं गेलो."

"तुम्हीच नाही, कुणीही तेच केलं असतं. लपवणाऱ्याला हे ठाऊक होतं." नूरमहंमद मुक्ताबाईंकडं वळले. "बाई, हा फोटो बाजूला करायचा हक्क फक्त तुमचा आहे."

मुक्ताबाई उठल्या. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. नूरमहंमदांनी कपाटाचं दार ओढलं.

वासाचा असा लोट आला की सहादेव खोकत मागं सरले. आत सात नंबरची बरणी होती. लाखेचं सील जागोजाग तडकलेलं आणि आतल्या पिठाचे ओलसर गोळे झालेले.

६

"मग सापडला चोर," हवालदार भीमाकडं बघत म्हणाले.

"भीमाकडं किल्ली आहे आणि रात्री फाटकावरही तोच असतो," नूरमहंमद म्हणाले. "त्याला बरणी खोलीत लपवायची गरज काय? त्यानं माळावर नेऊन कुठंही पुरली असती. आणि बरणी त्यानं लपवली असती तर तिची चहाडी करणारं पाणी रोज स्वतःच्या हातानं तिच्यासमोर ठेवलं असतं? ही त्यानं लपवलीय, ज्याला फाटकातून ती नेता येत नव्हती आणि नळाला पाणी नसल्यानं धुऊनही टाकता येत नव्हती. संध्याकाळी भीमा दिवा लावायला येण्याआधी जो सगळ्यांत शेवटी खोलीतून गेला, त्यानं."

काकासाहेबांनी काखेतून हात काढले. ते इतके शांत दिसायला लागले की नूरमहंमदांना त्यांची दया आली.

"पागेत हुलगा भिजवायचे," नूरमहंमद त्यांच्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "त्यामुळं दाणा भिजला की काय होतं हे मला थोडं ठाऊक आहे. पण युरियाच्या पाण्यात भिजवला तर काय होतं ते तुम्ही सांगा."

"दाण्यातच एक द्रव्य असतं," काकासाहेब म्हणाले. "ते युरिया फोडतं आणि अमोनिया बाहेर पडतो. मला हे कळायला हवं होतं. मी घाईत होतो. पुरतं वाळवलं नाही, तसंच दळून सील केलं. दोन दिवसांत लाखेतून वास यायला लागला. समितीसमोर उघडली असती तर वासावरूनच सगळं कळलं असतं."

"पण का?" सहादेव ओरडलेच. "तुला काय मिळणार होतं?"

"काही नाही. साहेब गेल्यावर मी सात परत तपासला. बावीस आला. पुन्हा केला, बावीस. साहेबांचा एकतीस आणि माझा बावीस. मी म्हटलं, चूक माझीच. पण किती वेळा केलं तरी बावीसच. आणि मी पिंडासमोर बोललो होतो, सातचं काम पुरं करीन. कावळा माझ्या शब्दावर शिवला, घोडकेसाहेब. मग बावीस कसा लिहू? त्यांचं नाव बुडवू? म्हणून सातचे दाणे युरियाच्या पाण्यात भिजवले, युरियातही नत्रच असतो, समितीच्या तपासणीत आकडा एकतीसवर गेला असता. भीमावर आळ आला तेव्हापासून रोज ठरवायचो, आज सांगेन. सकाळी पाणी हिरवं दिसायचं आणि मलाच वाटायचं, साहेबांनाही हेच हवंय. कशानं हिरवं होतंय ते मला ठाऊक होतं, आणि तरी वाटायचं."

भीमा जागचा उठला. त्याचा आवाज चढला नाही. "काकासायेब, मला न्हेलं आस्तं तरी चाललं आस्तं. पन माझी नातवंडं ती घुगरी खात्यात. त्यातली निम्मी तुमी सायेबांच्या नावानं काडून घेनार हुता."

काकासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मुक्ताबाई फोटो छातीशी धरून तशाच उभ्या होत्या. त्या आता हळूहळू बोलायला लागल्या, आणि बोलता बोलताच त्यांना अर्थ लागत होता हे नूरमहंमदांना दिसलं.

"शेवटच्या सकाळी हे स्वतःवर चिडले होते. म्हणाले, सात परत करायचाय. आकडा बरोबर आला असता तर परत कशाला करायचा असता, रे?"

काकासाहेबांनी तोंडावरचे हात काढले. "त्यांना माहीत होतं?"

"त्यांना माहीत होतं."

"मग कावळा का शिवला, काकू? मी म्हटल्यावरच का शिवला?"

"त्यांना वाटलं, तू दुरुस्त करशील."

मुक्ताबाईंनी फोटो पुन्हा टेबलावर ठेवला. काकासाहेब जमिनीवर बसून पोरासारखे रडले, आणि नूरमहंमदांनी अटकेचा कागद घडी घालून खिशात टाकला. खोलीबाहेरच न गेलेल्या बरणीची चोरी कशी लिहायची, हे हवालदारांनी त्यांना विचारलं नाही. जे लिहायचं ते काकासाहेब समितीपुढं स्वतःच्या हातानं लिहून देणार होते, त्यांची नोकरी राहो की जावो.

७

दुसऱ्या दिवशी समिती आली तेव्हा छबूबाई आणि भीमानं विहिरीच्या तळचं गाळाचं पाणी कळशीकळशीनं आणून टाकीत ओतलं होतं. सात नंबरचं मूळ पोतं उघडलं, त्यातले दाणे सगळ्यांसमोर दळले. वाफ निघाली, नळीतून थेंब थेंब खाली आली, लाल पाणी हिरवं झालं. काकासाहेबांनी मोजलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला. बावीस. सहादेवांचा तीन नंबरही बावीसच निघाला, आणि जिंकल्याचा आनंद त्यांना करता आला नाही. पोरांच्या घुगरीचं माप होतं तेच राहिलं.

तिसऱ्या सकाळी नूरमहंमद जबाबावर सह्या घ्यायला पुन्हा त्या माळावर आले. भीमा दारातच भेटला. गुन्ह्यातून सुटलेल्या माणसाच्या मानानं त्याचा चेहरा फारच पडलेला होता.

"काय झालं?"

"बगा की सायेब." तो त्यांना आत घेऊन गेला. खोलीतला पागेचा वास गेला होता. मुक्ताबाई आधीच येऊन फोटोला ताजा हार घालत होत्या. पुढं चंबू होता, आणि पाणी काल संध्याकाळी ठेवलं तसंच होतं, लालभडक.

"घेतलं न्हाई त्येंनी," भीमा म्हणाला.

नूरमहंमद त्याला समजावणार होते की बरणी गेली, अमोनिया गेला, आता पाणी हिरवं व्हायचं कारणच उरलं नाही. पण मुक्ताबाईंनी हार सारखा करता करता मागं न वळता उत्तर दिलं.

"आता कशाला घेतील," त्या म्हणाल्या. "पोट भरलं असेल त्यांचं."

बाहेर बाभळीवर एक कावळा येऊन बसला होता. नूरमहंमद जीपकडं जाताना थांबले, खिशात कालच्या तपासणीतले चार दाणे राहिले होते ते त्यांनी बुंध्याशी टाकले आणि कुणी पाहिलं नाही ना, हे बघून गाडीत बसले.